उलटा बाण

पहिल्याच तासाला मी पोरांना सेमिनारची रीत समजावली: डेटाबेसवरचा एकेक नवा शोधनिबंध वाचा, पटला नाही तर तसं स्पष्ट बोला. "सर, फाइल कितने पन्ने की?" एकीने एवढंच विचारलं.

महिन्याभराने पोरांच्या सेमिनारच्या लेखी फाइली आल्या, सगळ्या आमच्या राजपुऱ्यातल्या एकाच झेरॉक्सच्या दुकानातून. तिथे आलेल्या प्रत्येक फाइलची प्रत ठेवून घेतात आणि पुढच्या पोरांना विकतात. सर्व्हरच्या आकृतीतला एक बाण सगळ्यांचाच उलटा. नालायक कुठले! मी लाल पेन उचललं आणि हात थांबला.

तो बाण माझा होता. याच कॉलेजात विद्यार्थी असताना मीच ती फाइल तिथे झेरॉक्सला दिली होती. माझ्या सरांनी ती न उघडताच वर 'उत्तम' लिहिलं होतं, आणि त्याच शेऱ्याच्या जोरावर मला ही नोकरी लागली.