सेलला लावलेलं कुंकू

शालिग्राम भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. पस्तीस वर्षं आमच्या गावच्या लालबागेत कापड विणायचे पावरलूम दुरुस्त केले. लूम उघडायच्या आधी कोणता पेच कुठं होता ते खडूनं भिंतीवर लिहून ठेवायचे, म्हणून त्यांचं काम कधी अडलं नाही. पण आपली चूक झाली असं या माणसानं जन्मात कबूल केलं नाही. काही बिघडलं की एकच बोलणं, "करंट वरखाली झाला." मुलगी बघायला शाहपुरात गेले आणि भलत्याच घरात शिरून पोहे खाऊन आले, तेव्हाही दोष लाइटीचाच.

खंडेनवमीला ते पान्ह्यापासून स्कूटरपर्यंत सगळं उघडून पुसतात, मग हळदकुंकू. यंदा सुनेच्या, वंदनाच्या, कॉम्प्युटरची पाळी आली. ताट मीच धरलं होतं. भाऊजींनी डबा उघडला, आतला रुपयाएवढा सेल काढला, पुसला, दोन्ही बाजूंनी हळदकुंकू माखलं आणि परत बसवला. देवाला तरी आम्ही एकाच बाजूनं लावतो. आणि या वेळी खडू काही हातात घेतला नाही. पूजेत कसला खडू!

वंदनाच्या त्या एका डब्यात दोन बिऱ्हाडं, एक विंडोज, एक लिनक्स. तिचं सगळं काम लिनक्सकडे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता डबा कॉलेजात नेऊन ते दाखवायचं होतं. त्यावर तिची नोकरी ठरणार होती.

त्या सकाळी चालू केलं तर सरळ विंडोज. लिनक्सचा पत्ता नाही. पोरीचा चेहराच उतरला.

"बाबा, तुम्ही काही केलं का?"

"मी काय करू? पूजा केली. करंट वरखाली झाला असंल."

वंदनानं कसलंसं बटण दाबून निळं पान काढलं. मला म्हणाली, "मोठ्या आई, कोणाला आधी उठवायचं, कोणाला अडवायचं, ते इथं ठरतं. सिक्युअर बूट नावाचा पहारेकरी मी बंद केला होता, तो परत चालू झालाय. लिनक्सला तो ओळखत नाही." तिनं पहारेकऱ्याला परत घरी बसवलं, लिनक्सला पहिला नंबर दिला. काम जिथल्या तिथं! कॉम्प्युटर बंद करून ती तयारीला गेली. भाऊजींनी सवयीप्रमाणं भिंतीवरचं बटणही बंद केलं.

दुपारी परत लावलं तर पहारेकरी हजर.

मी दुसरीपर्यंत शिकले, आकडे वाचता येतात. "अगं, तारीख बघ. दहा वर्षं मागची."

"म्हणजे वायर काढली की हा सगळं विसरतो. आठवण आतला सेल ठेवतो. आता कॉलेजात कसा नेऊ? बाबा, सेल कोणी काढला होता?"

भाऊजी पंख्याकडं बघू लागले. दोन वाजले होते.

"भाऊजी," मी म्हटलं, "करंट काय म्हणतो?"

"वहिनी, तुम्ही गप बसा वो." मग खाली बघून म्हणाले, "वंदना, मीच काढला. कुंकू लावलं. दोन्हीकडून."

वंदना रडता रडता हसली. सेल घासून पुसला, सेटिंग परत केली, वायर काढून, लावून पाहिली. टिकली. रिक्षात डबा मांडीवर घेऊन ती गेली आणि सातला पेढे घेऊन आली.

तोवर भाऊजींनी कॉम्प्युटरच्या जागेवर भिंतीला खडूनं लिहून ठेवलं होतं: सिक्युअर बूट बंद. लिनक्स आधी. त्याखाली मोठ्या अक्षरात: सेलला कुंकू लावू नये. मी लावलं होतं.

दिवाळीला घर रंगवायचं आहे. तेवढी भिंत सोडा म्हणून मी सांगून ठेवलंय.