माझं शूटिंग कुटं हाय?

आमच्या टीव्हीनं माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला भुताच्या सिनेमाचं पोस्टर लावलं, त्या दिवसापासून माझं आणि त्या यंत्राचं वाकडं आहे.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. दुबईहून परतलेल्या एका मित्राकडून त्यांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि त्यानंतर सोलापुरातल्या आमच्या वस्तीतलं एकही कार्य सोडलं नाही. लग्नं, बारशी, जयंतीची मिरवणूक, विहारातले कार्यक्रम, कुणी नवी रिक्षा घेतली तर तिला हार घालताना. सुट्टी म्हणजे खांद्यावर कॅमेरा. ते गेले तेव्हा कॅसेटी कपाटावर तशाच राहिल्या. माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्यानं गेल्या उन्हाळ्यात त्या शुक्रवार पेठेतल्या एका स्टुडिओवाल्याकडून डिस्कवर उतरवून घेतल्या, टीव्हीला एक काळी डबी जोडली आणि आईच्या हातात रिमोट दिला. ही डबी इंटरनेटवर जाते, फाइल कुठली ते ओळखते, आणि नाव, साल, पोस्टर, कलाकार सगळं आपोआप आणते, असं त्यानं सांगितलं. शिवाय तो पुण्यात बसून तिच्यात हवे ते बदल करू शकतो म्हणाला. ही शेवटची गोष्ट मला तेव्हाच खटकली होती.

डबीनं ओळखलं ते असं. मावसबहिणीच्या कॅसेटीवर अण्णांनी 'रात्रीची वरात' लिहिलं होतं, स्टुडिओवाल्यानं फाइलला तेच नाव दिलं, आणि डबीनं कुठून तरी एक भूत शोधून आणलं. जयंतीची मिरवणूक परदेशातली लढाई झाली. आमच्या चाळीतल्या बारशाला दक्षिणेकडच्या कुणा मिशाळ हिरोचा फोटो चिकटला. आई चष्मा वर करून बघत बसली.

"ह्यो दात काढलेला मुडदा कोण गं? आपल्या वरातीत असला कोण नव्हता."

हसू आलं, खोटं कशाला सांगू. पण खाली सरकले तर उरलेल्या सगळ्या फायली एकाच राखाडी खणात टाकलेल्या, आणि त्यावर शब्द होता 'अनोळखी'. माझी आत्या अनोळखी. आईच्या बाळंतपणात आठवडाभर आमचा स्वयंपाक करून गेलेली शेजारीण अनोळखी. माझं डोकंच फिरलं. सरकारी कागदांवरच्या 'इतर'च्या रकान्यात मी पुष्कळ बसले आहे, लग्न केलं नाही म्हणून पाहुण्यांच्या यादीत 'आणि बाकीचे' मध्येही बसले आहे. पण स्वतःच्या घरात, अण्णांनी घेतलेल्या घरात, आमच्याच माणसांना अनोळखी म्हणून घ्यायचं? मी सेटिंगमध्ये गेले आणि 'माहिती आपोआप शोधा' हे बटण बंद केलं.

भावाचा लगेच फोन आला. "ताई, ते बंद कशाला केलंस? एकेक फाइल हातानं करत बसलीस तर जन्म जाईल."

"माझाच जाईल ना? जाऊ दे."

त्यानं पुण्यातून बटण चालू केलं. मी बंद केलं. पुन्हा चालू, पुन्हा बंद. चार दिवस आमचं हे बहीणभावाचं प्रेम चाललं. शेवटी तो दमला. मी शाळेत शिकवते, तेच तेच पुन्हा सांगायला मी दमत नाही.

मग शाळा सुटली की मी आणि आई टीव्हीपुढं बसू लागलो. फाइल लावायची, आई बघायची, आणि ती जे म्हणेल ते नाव द्यायचं. आईची नावं ठेवायची रीत एकच. 'आत्या रुसली ते'. 'पंगतीत लाईट गेली ते'. 'नवरदेवाचा बूट गावंना ते'. 'रिक्षा मागं मागं गेली ते'. प्रत्येक नावाच्या शेवटी 'ते'. मी सुरुवातीला शहाणपणानं 'ते' काढून टाकत होते. मग लक्षात आलं की 'आत्या रुसली' ही नुसती बातमी होते. 'आत्या रुसली ते' म्हटलं की घरातला कुणीही म्हणतो, हां हां, ते व्हय! म्हणून 'ते' ठेवला. प्रत्येक फाइलला ठेवला.

"तारीख तरी टाक," भाऊ म्हणाला. "म्हणजे क्रमानं लागतील."

"आईला विचार आत्या कुठल्या तारखेला रुसली."

आईनं आतूनच सांगितलं, "गिरणी बंद पडली का न्हाय, त्याच्या म्होरच्या उन्हाळ्यात." मी सालाच्या जागी तेच टाकायला गेले. डबीनं घेतलं नाही, तिला आकडाच हवा. मी जागा रिकामी सोडली. आकडा नाही म्हणून आमचा उन्हाळा काही रद्द होत नाही.

एवढं सगळं चाललं होतं तरी आईचं समाधान होत नव्हतं. रोज बसल्यावर तिचा पहिला प्रश्न, "माझं शूटिंग कुटं हाय?" मी तिची एकेक फाइल काढून दाखवली. वरातीत नाचणारी आई, हळदीत भरलेली आई, कॅमेरा दिसला की पदर सारखा करणारी आई. ती मान हलवायची. "ह्यात मी हाय गं. पर माझं न्हाय हे. माझं एगळं हाय." अण्णा जाताना सगळं नीट ठेवून गेलेत, मग तेवढंच कसं गेलं, म्हणून ती एकदा रडलीसुद्धा. आई अशी चटकन रडणारी बाई नाही. मला काही सुधरेना. त्यात आणखी एक गोष्ट मला नावं देताना हळूहळू टोचू लागली होती. सगळी वस्ती टीव्हीत होती आणि अण्णा कुठंच नव्हते. कॅमेरा कायम त्यांच्याच खांद्यावर. एखाद्या भांड्यात, एखाद्या आरशात त्यांची सावली पडलेली, तेवढीच. बोलणंही नाही, कारण शूटिंग करताना आवाज करायचा नाही हा त्यांचाच नियम.

अशात एका रविवारी सकाळी भावाचा फोन आला. डिस्क भरत आली होती. "मी खराब फायली वेगळ्या काढल्यात ताई. ब्लँक आहेत, काहीच दिसत नाही त्यात. आत्ता बसलोच आहे, उडवून टाकतो."

"थांब, मी बघते आधी."

"अगं, काळ्या आहेत. काय बघणार आहेस?"

"काळ्याच बघते."

तो हसला, आणि मला त्याच्या कीबोर्डची टकटक ऐकू आली. मी फोन तसाच टाकला, उठले आणि इंटरनेटच्या राउटरची वायर भिंतीतनं उपटली. आई स्वयंपाकघरातनं बघत होती.

खराब म्हणून काढलेल्या फायली मी एकेक लावल्या. पहिल्या दोनांत नुसती खरखर. तिसरी लावली, पडदा काळा ठार, आणि एकदम आवाज आला.

"धरलास का नीट? बरं. तर मंडळी, मी बोलतोय. आज शूटिंग आमच्या मंडळी करायल्यात."

आई हातातलं तसंच ठेवून बाहेर आली. "ह्येच की! ह्येच माझं."

अण्णा घर दाखवत होते. आमचं हे दोन खोल्यांचं घर, नुकतं घेतलेलं तेव्हाचं. "हा वटा. कडाप्पा हाय, फरशी न्हाय. मंडळींना उभ्यानं सैपाक करायचा होता, झाला का न्हाय? ही खिडकी. सकाळी हितनं ऊन येतं, पार त्या भिंतीपातुर. ही मोरी. आता दारचा नळ न्हाय का रांग न्हाय." पडदा काळाच. मी आईकडं पाहिलं तर ती पडद्याकडं बघतच नव्हती. अण्णा ओटा म्हणाले की ती ओट्याकडं बघायची, खिडकी म्हणाले की खिडकीकडं. तीच खिडकी होती, सकाळचीच वेळ होती, ऊन भिंतीपर्यंत आलं होतं. मीही पडद्याकडं बघायचं सोडलं. अण्णांच्या मागोमाग आम्ही दोघी आमचंच घर बघत फिरलो.

शेवटी अण्णा थबकले. "अगं ए! झाकण! कॅमेऱ्याचं झाकण काढलंच न्हाईस व्हय!" आणि मग दोघांचं हसणं, थांबता थांबेना असं. खट्‌कन आवाज, क्षणभर उजेड, अण्णा म्हणतात "दे हिकडं", आणि पडद्यावर दिसते ती तरणी आई, तोंडावर पदर धरून हसणारी. अण्णा पुन्हा कॅमेऱ्यामागं गेले.

"पण तुला कळलं नाही का आई, आतून काळं दिसतंय ते?"

"एक डोळा झाकून बघ म्हनले. मला एकच झाकता येईना. मग झाकले दोनी." आईनं रिमोट माझ्याकडं सरकवला. "आदीपासनं लाव."

आम्ही ती पुन्हा लावली. त्यानंतर किती वेळा, ते मी मोजलं नाही. मग मी फाइलला नाव दिलं, 'माझं शूटिंग'. ही एकच अशी, जिला 'ते' लावायची गरज नाही. खाली रिकामे रकाने होते, एरवी डबी ज्यांत परक्यांची नावं आणून भरते ते. मी माझ्या हातानं भरले. कलाकार, अण्णा. दिग्दर्शन, आई. भाषा, आमची.

वायर मी दुसऱ्या दिवशी जोडली, तीही त्या फाइलीच्या दोन प्रती वेगळ्या ठेवल्यावर. भावाचा संध्याकाळी फोन आला. रागावलेला होता. "ताई, ती फाइल मी उघडून बघितली. शेवटी क्षणभर आई दिसते, बाकी नुसता आवाज आहे. अण्णा कलाकार काय लिहिलंयस, त्यात ते कुठंच दिसत नाहीत."

"पुण्यात नाही दिसायचे," मी म्हटलं. "घरी ये. सकाळचा ये."