गवत नसलेली जागा

आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या गुणाबाईला घड्याळ कळत नाही आणि तारीखही कळत नाही. पण आज तिथी कोणती, हे तिला विचारावं लागत नाही. ओटीवर टोपली उतरवता उतरवता ती म्हणते, "आज दशमी. पान्याला जोर नाय, म्हनून कोलंबी बारीक." सुरुवातीला मी आत जाऊन पंचांगात बघत असे. दशमीच असायची. पुढे बघणं सोडून दिलं.

मी लग्न होऊन पनवेलला आले १९४० साली, पुण्याहून, बी. ए. होऊन. पुण्याला मासळी क्वचित, आणि तीही शिळी. बोईट म्हणजे काय, निवटी म्हणजे काय, मासळीचा कल्ला उचलून ताजेपणा कसा बघायचा, हे मला गुणाबाईनं शिकवलं. उंच बाई. टोपलीच्या ओझ्यानं उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली गेलेला. आवाज असा, की ती बाजारपेठेच्या टोकाला बोलली तर मी इकडे पाटा-वरवंटा काढून ठेवावा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मात्र ती दोन-तीन दिवस येत नसे. एकदा चिडून मी म्हटलं, "तुझ्या रजा मंजूर तरी कोण करतं ग?"

"खारं पानी करतंय," ती म्हणाली. "त्याच्याफुडं अर्ज चालत नाय."

त्या दिवसांत खाडीला उधाण असतं, म्हणजे भरतीचं पाणी सर्वांत वर चढतं. तिचं भाताचं शेत खाडीला लागून, मातीच्या बांधाच्या आड. उधाणाच्या रात्री बांधावरून फिरायचं आणि खेकड्यानं पाडलेलं भोक दिसलं की चिखलानं बुजवायचं. पाणी एकदा आत शिरलं की शेत दोन-तीन वर्षं नासतं. तिचा नवरा काशिराम रातांधळा, त्यामुळे राखण तिच्यावर. हे सगळं तिनं मला सांगितलं होतं. मी ते ऐकलंही होतं, पण त्यातून मला समजलं एवढंच, की त्या दिवसांत मासळी मिळणार नाही.

दरवर्षी नवं भात निघालं की त्या शेतातला लाल तांदूळ ती माझ्या मुलांसाठी फडक्यात बांधून आणत असे.

मुलं दोन. कमळाकर आणि त्याच्याहून तीन वर्षांनी धाकटी वेणू. १९६१ साली तो वीस वर्षांचा होता आणि त्याला सायकलीवरून मुलूख हिंडण्याचं वेड लागलं. वेणूनंही हट्ट धरला. ह्यांनी परवानगी देऊन टाकली आणि ते मुंबईला आपल्या कामाला गेले. काळजी करायला मी घरी होतेच. मांजरपाटाचा तंबू मी स्वतः मशीनवर शिवला, प्रत्येक शिवण दोनदा घातली.

पहिल्या खेपेला दोघं पुण्याच्या रस्त्यानं खोपोलीकडे गेली आणि रात्र न काढताच परत आली. त्या रस्त्याला सगळं मोटारींसाठी. पेट्रोलपंप, गॅरेजं, ट्रकवाल्यांची हॉटेलं, मुंबईच्या लोकांनी बंगल्यांसाठी तारा ठोकून अडवलेले प्लॉट. तंबूची खुंटी ठोकली की राखणदार हजर. "गाडी कुठंय तुमची?" असं एकानं विचारलं आणि गाडी नाही म्हटल्यावर त्याला ती दोघं चोर वाटली.

म्हणून पुढच्या खेपेला जागा मी निवडली. उरणला जाताना एस.टी.तून मी ती पाहिली होती. पुलाच्या पलीकडे, रस्त्यापासून आत, खाडीकडे मोठं सपाट मैदान. झाड नाही, काटा नाही, गवताची काडी नाही, म्हणजे सापाचं भय नाही. ट्रक तर फिरकणारच नाहीत. आणि अंधार नको म्हणून दिवसही मीच ठरवला. दत्तजयंती. पौर्णिमा.

मुलं सकाळी निघाली. आधी उरण बघायचं आणि संध्याकाळी परतताना मैदानावर तंबू ठोकायचा, असा बेत होता. दुपारी एकच्या सुमारास गुणाबाई दारात उभी. पौर्णिमेला ती कशी, मला नवल वाटलं. हातात टोपली नव्हती, घासलेटची बाटली होती.

"कंदिलाला घासलेट नव्हतं, म्हनून आली बाजारात. रातची राखन हाय. पानी दे गो बाय."

तिला तांब्या दिला आणि मी मोठ्या कौतुकानं माझी व्यवस्था सांगितली. जागा सांगितली, चांदण्याचं सांगितलं. ती पाणी प्यायची थांबली.

"तितं गवत का नाय, इचारलास कोनाला?"

"गवत नाही हेच बरं, साप नसतात," मी म्हटलं.

"खारं पानी चडतं तितं, म्हनून नाय. आज पुनव. बाराला भरती."

"अग, पण मी दुपारी बाराला पाहिलंय ते मैदान. कोरडं होतं."

"पावसाल्यात दिवसाची भरती मोठी, थंडीत रातची. पोरां झोपतील न् पानी यील." तिनं तांब्या खाली ठेवला. "कुटं हायेत आता?"

उरणात कुठे शोधणार? शेजारच्या दाजींकडे हिलमन गाडी होती. लाकडाची वखार घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी ते तिथे गाडीनं जात. मी म्हटलं, "थांब, दाजींना विचारते. आपण मोटारीनं जाऊ."

"तुजी मोटार सडकेनं जाईल. सडक वलसा घेते. मी बांदाबांदानं जाते." आणि ती गेलीसुद्धा.

दाजी जेवून झोपले होते. ते उठून, तोंड धुऊन, गाडी पुसून निघेपर्यंत तीन वाजले. पुलाच्या अलीकडे एका बैलगाडीनं अडवलं, पलीकडे चाक रेतीत रुतलं. दाजी म्हणाले, "वहिनी, इथून पुढे काही मोटार जायची नाही." मी चपला हातात घेतल्या आणि बांधावरून निघाले. दुरून मला आधी दोन सायकली दिसल्या, मग पांढरा तंबू, आणि त्याच्याशेजारी वाकून खुंट्या उपटणारी उंच बाई.

मी जवळ पोचले तेव्हा तिचं चालूच होतं. "शिवन पक्की हाय रे! आईस तुमची बोटीचं शीड शिवते वाटतं! पानी आलं असतं तर तरंगला असता तुमी, पार उरनपावत!" वेणू हसत होती.

मी म्हटलं, "चला, आत्ताच्या आत्ता घरी."

मुलांची तोंडं पडली. गुणाबाई म्हणाली, "र्‍हाऊ दे की. जागा चुकली, पोरां नाय चुकली. वर गावाचं खलं हाय, तितं पानी येत नाय."

मी म्हटलं, "मग तू थांबशील त्यांच्यापाशी?"

तिनं एकदा आपल्या गावाकडे पाहिलं. घासलेटची बाटली तिच्या कमरेला होती. ती बाटली माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसली नाही.

"थांबते," ती म्हणाली. मी दाजींच्या गाडीतून घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं सुखरूप परतली. रात्री मैदानावर मांडीइतकं पाणी होतं म्हणे, आणि चांदण्यात ते इतकं सुंदर दिसत होतं की तिघंही खळ्यावर बसून बघत राहिली. वेणू म्हणाली, "आई, जलसमाधीची सोय झकास केली होतीस तू."

पुढच्या वर्षी नवं भात निघालं, पण लाल तांदूळ आला नाही. मी गुणाबाईला टोचलं, "यंदा आम्हांला विसरलीस वाटतं?"

"नाय पिकला," एवढंच बोलून ती बोईट साफ करत राहिली.

थोड्या दिवसांनी तिला ताप आला आणि टोपली घेऊन काशिराम आला. त्याला काहीच लपवता येत नाही. तो सरळ म्हणाला, "गेल्या सालच्या पुनवेला बांद फुटला. मी एकला, दिसत नाय. पान्याचा आवाज आयकून गेलो तवर खांड मोठी झाल्ती. ती तुमच्या पोरांसंगं व्हती ना." मग जरा दबकून म्हणाला, "मी बोललो असं सांगू नका. ती बोलली, बायला कलवू नको, ती लय घाबरट हाय."

मी दाराची कडी धरून उभी राहिले. आपल्या भीतीपायी दुसऱ्याला कामावरून उठवलं, आणि वर्षभर ती माणसं त्याच भीतीला जपत होती.

गुणाबाई बरी होऊन आल्यावर मी बोलायला लागले, तर तिनं मला पुरं बोलूच दिलं नाही. "तू पोरांसाटी बोललीस, मी पोरांसाटी थांबले. बांद काय, मातीचा. पुन्ना घालता येतो."

तो घालायला त्या उन्हाळ्यात कमळाकर आणि वेणू तिच्या गावी गेली. दिवस गुणाबाईनं ठरवला, अष्टमी, भरतीला जोर नसतो तेव्हाचा. तिच्या अंगणात तोच तंबू ठोकून सहा दिवस चिखलाच्या पाट्या वाहिल्या. तिसऱ्या दिवशी मीही गेले. माझ्या पाटीतला चिखल वाटेतच निम्मा सांडे. गुणाबाई बांधावरून ओरडली, "कालेजात ह्ये शिकवत नाय वाटतं गो!" सगळं गाव हसलं, आणि मीही.

मीठ धुऊन निघायला आणखी दोन पावसाळे लागले. गेल्या मार्गशीर्षात तिनं ओटीवर टोपली उतरवली, आणि मासळीच्या आधी फडक्याची गाठ माझ्या हातात दिली. तो लाल तांदूळ मी त्या दिवशी देवापुढे ठेवला. देवाला काय वाटलं असेल ते असो, माझा नमस्कार तिला होता.

वेणू आता मास्तरीण झाली आहे. उद्या ती दोन मैत्रिणींबरोबर सायकलीवरून चिरनेरच्या बाजूला जाते आहे. तिच्या पिशवीत त्या तांदळाची पुरचुंडी घातली आहे. उद्या सप्तमी. आज गुणाबाईनं तिला जागा कुठली ते विचारलं आणि मग तिथे गवत आहे का विचारलं. "गुडघ्याइतकं," वेणू म्हणाली, तेव्हा कुठे तिनं मान हलवून टोपली उचलली.

मी मात्र आता सापांचा विचार करते आहे.