चारकोपच्या शेठचा दरबार

आमचे हे, म्हणजे दत्ताराम, दशावतारात राजे करायचे. गिरणीतल्या मंडळाच्या नाटकात यांनी आवाज लावला की मागचं रडणारं पोरसुद्धा गप्प व्हायचं. संपात गिरणी गेली आणि तो आवाजही गेला. चारकोपला राहायला आलो, यांना वॉचमनची नोकरी लागली, पण घरात माणूस "हूं" आणि "नको" याच्यापुढे बोलेना. भांडा तरी हो, म्हणायची मी. तेही नाही! मुक्या नवऱ्याचा संसार काय असतो ते मला विचारा.

सत्त्याऐंशीच्या गणपतीला आमच्या सेक्टरच्या पोरांनी सिनेमा काढायचं ठरवलं. लग्नाच्या शूटिंगवाल्याचा व्हिडिओ कॅमेरा एका सकाळपुरता मिळाला. डायरेक्टर बँकेतला नंदकिशोर. गोष्ट अशी, की दिवसा एक कोट्यधीश शेठ, आणि कोणावर संकट आलं की तोच तोंडाला फडकं बांधून 'वादळ्या' होतो आणि उडत येतो. उडायला त्या पोरांतलाच बाळा. तोंड झाकलेलं असल्यावर कोण ओळखतंय! पण शेठ व्हायला एकही तयार नाही, सगळ्यांना उडायचंच. मी पटकन म्हटलं, "आमचे हे करतील." यांनी असं बघितलं, की वाटलं, आता तरी भांडतील. कसलं काय, गेले गुमान शूटिंगला.

नंदकिशोर समजावत होता, "काका, शेठ आळशी दाखवायचा. जांभया देतो, केस विंचरतो, कोणाचं ऐकत नाही. म्हणजे हाच वादळ्या असा संशयच यायला नको."

माझी जरीची साडी अंथरलेल्या खुर्चीकडे बघत हे हळूच म्हणाले, "लोकांचं ऐकतच नाही, तर मग उडतो कशाला?"

"पिक्चरमध्ये असंच असतं, काका!"

कॅमेरा सुरू झाला आणि हे आले. आले कसले, अवतरले! खुर्चीभोवती गिरकी, डावा पाय पुढे, आणि आवाज लागला, "प्रधानजी! आमच्या राज्यात प्रजा सुखी आहे ना?" तोच, गिरणीतला आवाज!

समोर ड्रायव्हर झालेला धाकू. त्याला फक्त "साहेब, गाडी तयार आहे" एवढंच बोलायचं होतं. पण तोही यांच्याच मंडळातला. दशावतारात लिहून दिलेलं काही नसतं, समोरच्याने विचारलं की जागेवर उत्तर द्यायचं. त्याने हात जोडले. "कसली सुखी, महाराज! नळाक पाणी खंय आसा?"

झालं! बघायला जमलेल्या बायका उसळल्या. शूटिंगबिटिंग विसरून जानकी पुढे घुसली, "महाराज, पाणी येतं तेही करंगळीएवढं!" तिच्यामागून सुलक्षणा रिकामी बादली घेऊनच. नंदकिशोर "कट! कट!" ओरडतोय, आणि हे डोळे वटारून, "दरबारात मध्ये बोलू नये! रांगेत या!" हसून हसून माझी पुरेवाट झाली.

बाळा बिचारा पाठीला लाल चादर बांधून टाकीवर ताटकळत होता. शेवटी वैतागून खाली आला आणि बायकांच्या लायनीत घुसला. "महाराज, मला उडायचंय."

"तू कोण रे?"

"मी वादळ्या. म्हणजे... तुम्हीच!"

यांनी त्याला खालीवर न्याहाळलं. मग त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मग आम्हीच आम्हाला सांगतो, थांब जरा. आधी पाण्याचं बघू."

बाळाची पाळी आली तेव्हा त्याने टाकीवरून गादीवर झेप घेतली आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपली. मांडवात टीव्हीवर लोकांनी तो सिनेमा हसून लोळत बघितला. एका म्हातारीने विचारलंसुद्धा, "तो पडलो कोण गो?" नंदकिशोर कपाळाला हात लावून बसला. आणि हे? घरी आले आणि पुन्हा "हूं". माझा जीव खट्टू झाला.

दुसऱ्या दिवशी दारात बायका हजर. जानकी म्हणाली, "दत्ताभाऊजी, पाण्याच्या ऑफिसात जायचंय. आम्ही बोललो तर साहेब मान वर करत नाही. तुम्ही बोला ना." आता "नको" येणार म्हणून मी डोळेच मिटले.

"सुगंधा!" घरांची अख्खी ओळ दणाणली. "आमचा इस्त्रीचा सदरा आण!"

"आणते की! ओरडताय काय, बहिरी आहे का मी?"

आनंदाच्या भरात मी सदरा उलटाच दिला.

"हा उलटा आहे!" हे गरजले.

"मग सुलटा करा, हात नाहीत काय?" मीही गरजले. पाच वर्षांनी भांडत होतो हो आम्ही, आणि बायका दारात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.