वजनकाट्यावरचा झेंडू

विज्ञानाच्या इतिहासाच्या या ग्रुपात आलेल्याने आधी आपली ओळख लिहायची, असा तुमचा नियम आहे. लिहितो. तुमच्यात बरेच जण प्राध्यापक. मी चौथी पास. तरी आधुनिक विज्ञानाचा इतिहासकार म्हणूनच आलोय. काढायचं तर खुशाल काढा, पण आधी वाचा.

मागे तुमच्यातल्या एकाने जुना फोटो टाकला. ठाणे-बेलापूर रोडच्या केमिकल कंपनीतली लॅब, काचेच्या पेटीतला वजनकाटा, शेजारी उभे साहेब. पेटीच्या कोपऱ्याला झेंडूचं फूल. खाली कुणीतरी लिहिलं, ग्रुपाच्या पुस्तकात छापताना फूल कापून टाकू, विज्ञानात शोभत नाही.

ते फूल माझ्या बायकोचं आहे.

आमची भातशेती नवं शहर वसवायला सरकारने घेतली आणि बोनकोडे गावची आम्ही दोघं त्या कंपनीत लागलो. मी ड्रम उचलायचो, ती लॅबमधल्या बाटल्या धुवायची. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कंपनीत यंत्रांची पूजा झाली. बॉयलरला हार घातला, साहेबांनी नारळ फोडला. लॅबकडे कुणी फिरकलं नाही. हिला ते खटकलं. हिने पेटी उघडली, काट्याच्या दोन्ही पारड्यांत हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू ठेवला.

सुट्टी संपून साहेब आले. त्या काट्याला बोटाचा डागसुद्धा चालत नसे. त्यात चिमूट चिमूट कुंकू.

"बाई, हे यंत्र आहे, देव नाही."

"बॉयलर पन यंत्रच हाय ना? त्याला तुमीच नारल फोडलात. ह्यो काय सावत्र हाय?"

लॅबमधली माणसं तोंड फिरवून हसली. साहेब हसले नाहीत. माफी माग म्हणाले. काटा पुसून देते, पूजेची माफी नाय मागत, असं ही म्हणाली. तिला कँटीनला भांडी घासायला पाठवलं.

घरी मी म्हटलं, मागून टाक, तुझं काय जातंय.

"तुमी मागा. तुमाला मान खाली घालाची सवय हाय."

पुढच्या खंडेनवमीला साहेब स्वतः कँटीनच्या दारात आले. "बाई, चला, पूजा करा. पण बाहेरून. आत काही नको." तिने पेटीच्या कोपऱ्याला दोऱ्याने एक झेंडू बांधला. फोटो त्याच दिवशीचा. दुसऱ्या दिवसापासून ती परत लॅबमध्ये. लोक म्हणायचे, नव्या बाईच्या हातून बाटल्या फार फुटत होत्या म्हणून बोलावलं. ही म्हणायची, तसं नाय, साहेबाला पटलं. खरं काय ते साहेबच जाणोत.

या चैत्रात ती गेली. त्या लॅबमधलं तिचं एवढं फूलच राहिलंय, आणि ते तुम्ही कापायला निघालात.

पुस्तकात साहेबांचं नाव घाला, काट्याचं घाला. तिचं नका घालू, तिला ती हौस नव्हती. फूल मात्र ठेवायचं. कापलंत तर जिवंत असेतो दर खंडेनवमीला इथे येऊन हेच लिहीन. ग्रुपातून काढलंत तर दुसऱ्याच्या फोनवरून लिहीन.

ही माझी ओळख.