मी उचललेला व्याही

सोनगीरला माझ्या पुतणीच्या लग्नात तो नवरदेवाच्या काकांच्या मागे उभा होता. काका पुढारी. हा पन्नाशीचा, बिस्किटी रंगाचा ढगळ शर्ट पँटबाहेर सोडलेला. उकाड्याने वऱ्हाडी बटणं उघडून बसले होते, याचं एकही उघडं नव्हतं. पाण्याचा ग्लासही डाव्या हाताने घेतला, उजवा कमरेपाशीच.

मला वाटलं, लाजरा सोयरा असेल. घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी, मानपानात कोणाला काही कमी पडू देणार नव्हतो. व्याहीभेट सुरू झाली तसा मी त्यालाही पुढे ओढला.

"नको भाऊ, मी व्याही नही," तो म्हणाला.

"लाजता काय नाना," म्हणत मी मिठी मारली आणि आमच्याकडे उचलतात तसा त्याला उचललाच. शर्ट वर सरकला. कमरेचं पिस्तूल साऱ्या मांडवाने पाहिलं. साध्या वेशातला पोलीस होता तो, काकांचा अंगरक्षक.

काकांनी तिथूनच फोन लावला, "उद्यापासून दुसरा माणूस द्या."

मी माफी मागायला गेलो, तेव्हा तो शर्ट खाली ओढत होता.

"देवपूरले माय खाटवर शे, म्हनीसन घरजवळ धुळानी हाई ड्युटी मांगी लिन्ही व्हती," तो म्हणाला. "आते बदली करीसन दूर टाकतीन." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमनी काय चूक भाऊ? पाव्हना दिसाले पाहिजे, म्हनीसन तर हाऊ शर्ट घालस."

पण त्याने आधी नको म्हटलं होतं, आणि ते मला नीट ऐकू आलं होतं.