दोन टाक्यांचं यान आणि माझा एक प्रसंग

"वांगी काढा! अरे, यानाखालची वांगी काढा आधी!"

भाऊ एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या शेतातले बगळे उडाले आणि, शपथेवर सांगतो, थेट चाळीसगाव जंक्शनवर जाऊन उतरले. भाऊ म्हणजे धुळ्याचे निर्माते, दिग्दर्शक, कॅमेरामन आणि गरज पडली तर व्हिलनसुद्धा. अहिराणीत विनोदी पिच्चर काढायचे, मोबाइलवरच्या आपल्या चॅनलवर टाकायचे आणि अख्ख्या खान्देशाला हसवायचे. त्या वर्षी मात्र त्यांना अवकाशात जायचं होतं. त्यासाठी त्यांनी माझी कादंबरी घेतली होती आणि धरणगावजवळच्या एका रिकाम्या शेतात यान उभं केलं होतं.

यान काय वर्णावं! पाण्याच्या दोन काळ्या टाक्या एकीवर एक, भोवती ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आणि वरून चंदेरी कागद. कागद इतका लागला की त्या हिवाळ्यात जळगाव-धुळ्याकडच्या लग्नांतल्या एकाही पेढ्याला वर्ख मिळाला नाही. उड्डाणाला ज्वाळा हव्यात म्हणून भाऊंनी ट्रॉलीभर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, रचून पेटवल्या. टाक्या वितळू नयेत म्हणून आग चार हात पुढे, पण कॅमेऱ्यातून बरोबर यानाच्या बुडाखाली. सगळा हिशोब चोख. भाऊ फक्त एक गोष्ट विसरले. आमच्याकडे हिवाळ्यात शेतात पऱ्हाटी पेटलेली दिसली की माणूस कारण विचारत नाही, वांगी घेऊन येतो. यान बघून घाबरून पळायला जे गावकरी जमवले होते ते पळाले खरे, पण घराकडे, आणि येताना पिशव्या भरून भरिताची हिरवी वांगी घेऊन आले. कॅमेरा चालू होईपर्यंत विस्तवात वांगी खुपसलेली आणि आमचा अंतराळवीर हेल्मेट काढून लसूण सोलत बसलेला.

आता माझं दुखणं सांगतो. माझी कादंबरी छोटी आहे. जळगावातल्या तीन दुकानांत ठेवली आहे आणि तिन्ही दुकानांत ती अजून सुखरूप आहे. तिच्यात यान एका ओळीत उडतं. उरलेलं पुस्तक एका प्रश्नाचं आहे. इथली एक मुलगी दूरच्या ग्रहावर जाते. बाप रेडिओवर विचारतो, तिकडे थंडी आहे का? प्रश्न पोचायला सहा वर्षं, उत्तर यायला सहा वर्षं. उत्तर येतं तेव्हा बाप गेलेला असतो. आई एकटीच रेडिओसमोर बसून ते ऐकते. बस्स. याच्यासाठी मी पुस्तक लिहिलं.

भाऊंनी नेमका तोच प्रसंग गाळला होता.

"नाना, थांबणं दिसत नाही हो पडद्यावर," ते मला समजावत. गोडीत असले की मी नाना, चिडले की लेखकसाहेब.

"थांबलेलं माणूस तर दिसतं ना?"

"ते तर मला धुळ्याच्या एसटी स्टँडवर रोज दिसतं. कोणी टाळ्या वाजवतं का?"

मी काही सोवळा माणूस नाही. पडद्यावर यान उडालं की मीही शिट्टी मारतो, आणि माझी शिट्टी पहूरपर्यंत ऐकू जाते. लहानपणी मी आगीचे लोळ बघायलाच सिनेमाला जायचो. पण घरी आल्यावर आई विचारायची, काय होतं पिच्चरमध्ये? तेव्हा तोंडातून नुसते धडाम आणि ढिशूम बाहेर पडत, आणि आई पुन्हा कामाला लागे. मग मला कळलं की डोळ्यांनी आणलेलं घरापर्यंत टिकत नाही. सांगता येईल असं काही असलं तरच ते माणसाबरोबर घरी येतं. म्हणून मी ठरवलं होतं: टाक्या चार लावा, शंभर लावा, पण रेडिओसमोरची बाई पिच्चरमध्ये बसणार म्हणजे बसणार.

वांग्यांनी मला संधी दिली. भरीत होईस्तोवर पऱ्हाट्या संपल्या. दुसरी ट्रॉली यायला वेळ होता, आणि भाऊ डोकं धरून बांधावर बसले होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"भाऊ, तोवर माझा प्रसंग घ्या."

"बाई कुठे शे?"

"त्या काय, समोर."

समोर भाऊंची मोठी बहीण होती. सगळे तिला अक्का म्हणत. युनिटला कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी करून घालायला ती धुळ्याहून आली होती आणि विस्तवापाशी हात शेकत बसली होती.

"अक्काले अॅक्टिंग येत नाही, लेखकसाहेब."

"अॅक्टिंग कोणाला पाहिजे? तिला फक्त ऐकायचंय."

अक्कानेच निकाल लावला. "काय ऐकानं शे ते लाव. मना भाकरी राहिल्या शेतस."

रेडिओ ठेवला. माझ्या पुतणीच्या आवाजात टेप केलेलं उत्तर मी कधीपासून खिशातल्या मोबाइलमध्ये घेऊन फिरत होतो, ते लावलं. खरखर आणि मग लांबून आल्यासारखं, "हां आबा, थंडी शे. तुमनी शाल शे मनाजोडे." तुमची शाल आहे माझ्याजवळ. अक्का हलली नाही. मागे विस्तव धुमसत होता. तिने एकदा रेडिओवर हात ठेवला, जसा कोणी तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो तसा, आणि मग काढला. मी सांगितलं नव्हतं. भाऊ कॅमेरा बंद करायला विसरले. मग घसा खाकरून म्हणाले, "धूर जातोय लेन्समध्ये."

तरी ते हटेनात. पिच्चर तयार झाला तेव्हा त्यांनी अट घातली. त्याच शेतात गावाला आधी दाखवायचा. माझा प्रसंग चालू असताना एक जरी माणूस उठला, तरी चॅनलवर टाकायच्या आधी तो कापायचा.

"एक जरी?"

"एक जरी."

"मंजूर," मी म्हणालो आणि कामाला लागलो. संध्याकाळी पडदा लागायच्या आधी मी प्रत्येकाला हाताला धरून कडेच्या बाभळीकडे नेऊन आणलं. त्या बाभळी पुढच्या उन्हाळ्यात पाण्याशिवाय हिरव्या राहिल्या. तंबाखूवाल्यांना तंबाखू पोचवली. चहावाल्याचा स्टोव्हच उचलून वेशीबाहेर ठेवला. आणि स्वतः शेवटच्या रांगेत बसलो, उठेल त्याचा सदरा धरायला.

यान उडालं तेव्हा जत्रा उसळली. शिट्ट्या, टोप्या, मोबाइल वर. भाऊ माझ्याकडे वळून मिश्या पिळत होते. एकाने तर ओरडून सांगितलं की डावीकडून तिसरं वांगं त्याचं आहे. मग पडद्यावर रेडिओ आला, आणि अक्का.

शेत गप्प झालं. शेजारच्या मळ्यातली मोटर चालू होती, तेवढीच. मी एकेक पाठ बघत होतो. अर्धा प्रसंग गेला, पाऊण गेला, आणि माझ्या शेजारचा डोक्याला उपरणं बांधलेला म्हातारा उठला. मी सदरा धरला. त्याने तो हिसडून सोडवला आणि अंधारात दिसेनासा झाला.

पिच्चर संपायच्या आत भाऊ माझ्यावर चालून आले.

"उठला! मी स्वतः पाह्यलं!"

"एकच तर."

"एकच ठरलं होतं! कंटाळून घरी गेला तो. कापला प्रसंग, लेखकसाहेब."

"गेला कशावरून? आधी विचारू त्याला. मग कात्री लावा, मी धरून ठेवतो तुमच्यासाठी."

"आता त्याच्या घरी जाणार?"

"त्याच्या सासुरवाडीला गेला असला तरी जाईन."

गावात जायची गरज पडली नाही. दिवे लागले तसा तो दिसला. पडद्याच्या पायाशी, स्पीकरला टेकून बसला होता आणि पायाने चपला चाचपत होता. आम्ही दोघं त्याच्यापुढे जाऊन उभे राहिलो. मी तोंड उघडायच्या आत भाऊंनीच विचारलं, "आबा, मधीच का उठले तुम्ही?"

त्याने एक चप्पल घातली, दुसरी शोधत म्हणाला, "मांगे काही आयकू येत नव्हतं."